एका कमिटमध्ये कुठल्या फायली बदलल्या? आधी ठरवा, कशाच्या तुलनेत

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंगचं सॉफ्टवेअर तुम्ही सांभाळता. कोड गिटमध्ये (कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात) आहे, पण कारखान्याच्या सर्व्हरवर गिट नाही, त्यामुळे बदललेल्या फायली हाताने चढवाव्या लागतात. त्यासाठी अमुक कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या एका नोंदीत, कुठल्या फायली बदलल्या त्यांची फक्त नावं हवीत. 'गिट शो' केलं की पानंच्या पानं डिफ, म्हणजे ओळीओळीचा फरक, येतो. शोधून काढलेली एक लांबलचक डिफ-ट्रीची कमांड बहुतेक वेळा बरोबर चालते, पण काही कमिटवर काहीच दाखवत नाही. आणि परवा तर यादीप्रमाणे सगळं चढवूनही सर्व्हरवर जुनंच चलन (मालासोबत जाणारा डिलिव्हरीचा कागद) छापून येत होतं.

घाईत असाल तर एवढं घ्या आणि कामाला लागा:

गिट शो --नेम-ओन्ली --फॉरमॅट= हॅश

आणि त्याहून बरी, मी स्वतः रोज वापरतो ती:

गिट डिफ --नेम-स्टेटस हॅश~1 हॅश

'हॅश' म्हणजे तुमच्या कमिटचा क्रमांक. पहिली सात-आठ अक्षरं दिली तरी भागतं. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या: सगळं लहान लिपीत, मोठं अक्षर जिथे लागतं तिथे तसं सांगितलंय. पहिल्या कमांडमधल्या 'फॉरमॅट'पुढचं बरोबरचं चिन्ह विसरू नका. त्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही म्हणूनच लेखकाचं नाव, तारीख, संदेश हे सगळं गळतं आणि निव्वळ फायलींची नावं उरतात.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे. काही कमिटवर यादी रिकामी येते आणि चलन जुनंच छापतं, या दोन्हींचं मूळ एकच आहे: कमिटमध्ये बदललेल्या फायलींची यादी नसतेच. ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे. खात्री करायची असेल तर हे चालवून बघा:

गिट कॅट-फाइल -पी हॅश

चार-पाच ओळी येतील. एक 'ट्री', त्याच्यापुढे लांबलचक हॅश. मग 'पेरेंट', म्हणजे आधीच्या कमिटचा हॅश. मग लेखक, कमिट करणारा, आणि तुमचा संदेश. बास. कुठली फाइल बदलली, कुठली नवी आली, कुठली गेली, याचा तिथे उल्लेखही नाही. 'ट्री' म्हणजे त्या क्षणी प्रोजेक्टमध्ये असलेल्या सगळ्या फायलींचं चित्र, बदललेल्या आणि न बदललेल्या दोन्हींचं. तुमच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर कमिट म्हणजे आवक-जावक वही नव्हे, त्या दिवशीची गोदामातली पूर्ण साठा-यादी. काय आलं, काय गेलं हे कळण्यासाठी दोन दिवसांच्या याद्या शेजारी ठेवून ताळा घ्यावा लागतो. गिट तेच करतं, तेही दर वेळी तुम्ही विचाराल तेव्हा, नव्याने.

म्हणून 'या कमिटमध्ये काय बदललं' हा प्रश्न अर्धवट आहे. 'कशाच्या तुलनेत' हे त्यात अध्याहृत असतं. साध्या कमिटला पालक एकच, त्यामुळे गिट मुकाट्याने त्याच्याशी तुलना करतं आणि आपल्याला काही जाणवत नाही. पालक दोन असले किंवा एकही नसला, की खरी गंमत सुरू होते.

दोन पालक म्हणजे मर्ज: दोन ब्रँच (कामाच्या वेगळ्या फांद्या) एकत्र करणारी कमिट. तुमची डिफ-ट्रीची कमांड ही असणार:

गिट डिफ-ट्री --नो-कमिट-आयडी --नेम-ओन्ली -आर हॅश

कमांड चांगली आहे, स्क्रिप्टसाठी मुद्दाम बनवलेली आहे. '-आर' काढून टाकलं तर फक्त वरच्या पातळीवरची फोल्डरं दिसतात, तेव्हा ते राहू द्या. पण मर्ज कमिट दिली की ही कमांड गप्प बसते. दोन पालकांपैकी कुणाशी तुलना करू, हे तुम्ही सांगितलेलं नसतं, आणि स्वतःच्या मनाने ती काही ठरवत नाही. 'गिट शो'चं वागणं थोडं वेगळं: ते मर्जवर फक्त अशाच फायली दाखवतं ज्या दोन्ही पालकांपेक्षा वेगळ्या आहेत. एकच फाइल दोन्ही बाजूंनी बदललेली नसेल तर प्रत्येक फाइल कुठल्या तरी एका पालकाकडून जशीच्या तशी आलेली असते, म्हणून तिथेही यादी रिकामीच. ज्या फायलींना दोन्ही बाजूंनी हात लागला तेवढ्या दिसतील. मर्ज तपासणाऱ्या माणसाला हे सोयीचं आहे, फायली चढवणाऱ्याला अजिबात नाही.

म्हणूनच मी वर 'हॅश~1 हॅश' असं दोन टोकं देऊन विचारायला सांगितलं. '~1' म्हणजे पहिला पालक. साध्या कमिटला तो एकुलता एकच असतो, मर्जला दोघांपैकी पहिला. दोन्हीकडे उत्तर येतं.

फक्त पहिला पालक कोण, हे डोक्यात पक्कं हवं. ज्या ब्रँचवर उभं राहून मर्ज केलं, ती पहिली. तुम्ही 'मेन'वर जाऊन 'चलन-दुरुस्ती' ही ब्रँच आत ओढली, तर पहिला पालक 'मेन' आणि यादीत दिसेल चलन-दुरुस्तीने काय आणलं ते. हेच हवं असतं. पण सहकाऱ्याने स्वतःच्या ब्रँचवर काम चालू असताना 'गिट पुल' केलं आणि त्यातून मर्ज कमिट तयार झाली, तर तिचा पहिला पालक त्याची स्वतःची बाजू. मग तीच कमांड दाखवणार इतरांनी काय केलं ते. कमांड तीच, अर्थ नेमका उलटा. दुसऱ्या बाजूने बघायचं तर:

गिट डिफ --नेम-स्टेटस हॅश^2 हॅश

विंडोजवाल्यांसाठी इथे एक खड्डा आहे. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ते टोपीचं चिन्ह शेल स्वतःच गिळून टाकतो, गिटपर्यंत पोचतच नाही. 'हॅश^2' दुहेरी अवतरणात टाका, किंवा सरळ गिट बॅश (विंडोजवर गिटसोबत येणारं टर्मिनल) उघडा. '~1' ला हा त्रास नाही, हे मला ते आवडण्याचं आणखी एक कारण.

पालकच नसलेली कमिट म्हणजे रिपॉझिटरीतली (प्रोजेक्टच्या गिटमधल्या साठ्यातली) पहिली. तिला '~1' लावलं की गिट असा पत्ताच नाही म्हणून सांगतं. तिथे 'गिट शो' चालतं, सगळ्या फायली नव्या म्हणून दाखवतं. डिफ-ट्रीला मात्र '--रूट' जोडावं लागतं. पहिल्या कमिटची यादी कुणाला फारशी लागत नाही, पण हाच प्रकार वेगळ्या वेषात गाठतो. क्लोन करताना, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत उतरवताना, वेळ वाचवायला कुणी '--डेप्थ 1' दिलेलं असतं, किंवा गिटहब ॲक्शन्सवर कोड उतरवला जातो, जिथे ठरलेली खोली एकच असते. अशा उथळ क्लोनमध्ये शेवटच्या कमिटचा पालक तुमच्याकडे आलेलाच नसतो. मग एका फाइलचा बदल असूनही 'गिट शो' अख्खा प्रोजेक्ट नवा म्हणून दाखवतं, आणि डिफ-ट्री पुन्हा गप्प. अचानक एका कमिटमध्ये हजारभर फायली दिसल्या तर घाबरण्याआधी 'गिट फेच --अनशॅलो' करून बघा.

आता तुमचं चलन. तुम्ही '--नेम-ओन्ली'ची यादी घेऊन फायली चढवल्या, असं दिसतंय. मी '--नेम-स्टेटस'चा आग्रह धरतो तो यासाठीच. नेम-ओन्ली नुसती नावं देतं. त्या नावाचं काय झालं ते सांगत नाही. पुसलेली फाइलही त्यात येते आणि नवीही, दोन्ही एकाच पंगतीत. नेम-स्टेटस प्रत्येक नावाआधी एक अक्षर देतं. 'ए' म्हणजे नवी आली, 'एम' म्हणजे बदलली, 'डी' म्हणजे गेली. 'टी' क्वचित दिसतं, फाइलचा प्रकारच बदलला, उदाहरणार्थ साध्या फाइलच्या जागी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) आली तर. आणि 'आर' म्हणजे नाव बदललं. तिथे असं काही दिसेल:

एम    छपाई/बिल.पीएचपी
आर087    छपाई/चलन.पीएचपी    छपाई/डिलिव्हरी_चलन.पीएचपी
ए    छपाई/लोगो_नवा.पीएनजी

ती 087 म्हणजे जुन्या आणि नव्या फाइलमधलं साम्य 87 टक्के. नाव बदलल्याची नोंदही गिट कुठे ठेवत नाही. एक फाइल गेली, दुसरी आली, आणि दोघींचा मजकूर निम्म्याहून जास्त जुळला, तर गिट अंदाज बांधतं की ही तीच. 50 टक्के ही ठरलेली सीमा आहे, '-एम'पुढे (इथला 'एम' मोठ्या लिपीतला) आकडा देऊन बदलता येते. 2016 च्या 2.9 आवृत्तीपासून 'डिफ', 'शो', 'लॉग' हे आपसूक असा अंदाज बांधतात. डिफ-ट्री मात्र सांगितल्याशिवाय बांधत नाही. त्यामुळे एकाच कमिटला एक कमांड तीन ओळी दाखवते आणि दुसरी चार. दोन्ही बरोबर.

पण वरच्याच कमिटवर 'गिट शो --नेम-ओन्ली' चालवलंत तर त्या मधल्या ओळीतलं फक्त नवं नाव दिसेल. जुनं 'चलन.पीएचपी' यादीत कुठेच नाही. तुम्ही इमानदारीत तिन्ही फायली चढवल्या, जुनी सर्व्हरवर तशीच राहिली. एखाद्या फोल्डरमधल्या सगळ्या फायली उचलणारा कोड असेल, किंवा कुणाच्या ब्राउझरमध्ये जुन्या पानाचा बुकमार्क असेल, तर जुनंच चलन छापणार. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. सर्व्हरवर जाऊन जुनी फाइल आहे का बघा.

सर्व्हरसाठी यादी काढताना म्हणून नाव-बदलाची हुशारी बंदच करा:

गिट डिफ --नेम-स्टेटस --नो-रिनेम्स हॅश~1 हॅश

आता जुनी 'डी' म्हणून येईल आणि नवी 'ए' म्हणून. काय चढवायचं, काय पुसायचं, स्पष्ट. माणसाने वाचायला नाव-बदल दिसणं छान. सर्व्हरला त्याचं काही देणंघेणं नाही.

इथे एक स्पष्ट बोलतो. एकेका कमिटची यादी काढून फायली चढवणं ही सवयच धोक्याची आहे. मधली एक कमिट राहून गेली की सर्व्हरवर असं मिश्रण तयार होतं जे तुमच्या रिपॉझिटरीत कधीच नव्हतं, आणि मग दोष शोधायला बसलं की दिवस जातो. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचा 12 टक्क्यांचा टप्पा गेला, तेव्हा चादर-टॉवेलच्या प्रत्येक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कराचा तक्ता, बिलाची छपाई, रिटर्नचा रिपोर्ट असं एकाच वेळी बरंच काही हललं असणार. असे बदल एका कमिटमध्ये कधीच मावत नाहीत. आज तक्ता, उद्या छपाईतली चूक, परवा चुकीची चूक. त्यातली मधलीच कमिट सुटली तर बिलावर एक दर आणि रिपोर्टमध्ये दुसरा.

म्हणून विचारायचं ते 'या कमिटमध्ये काय' असं नाही. 'सर्व्हरवर आत्ता जे आहे त्याच्या तुलनेत काय' असं विचारायचं. त्यासाठी सर्व्हरवर काय आहे हे गिटला माहीत हवं. दर वेळी फायली चढवून झाल्या की त्या कमिटला एक टॅग, म्हणजे नावाची खूण, लावा, समजा 'कारखाना-14'. पुढच्या वेळी:

गिट डिफ --नेम-स्टेटस --नो-रिनेम्स कारखाना-14 मेन

मधल्या सगळ्या कमिटचा निव्वळ परिणाम एका यादीत. एखादी फाइल मध्ये बदलून पुन्हा होती तशी केली असेल तर ती यादीत येणारच नाही, आणि यायलाही नको. उलट 'गिट लॉग --नेम-ओन्ली कारखाना-14..मेन' म्हटलंत तर मधल्या प्रत्येक साध्या कमिटची (मर्ज सोडून) वेगळी यादी येते, तीच फाइल पाच वेळाही दिसू शकते. कुणी कधी काय हलवलं हे शोधायला ते ठीक.

दोन टिंबं आणि तीन टिंबं यांतही गल्लत होते. 'डिफ'मध्ये दोन टिंबं म्हणजे दोन टोकांची सरळ तुलना, मध्ये मोकळी जागा सोडल्यासारखीच. तीन टिंबं म्हणजे दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या तिथपासून उजव्या बाजूने काय केलं ते. गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टमध्ये (ब्रँच आत घ्या म्हणून केलेल्या विनंतीत) बदललेल्या फायलींचा जो टॅब असतो त्याचं गणित तीन टिंबांचं. सर्व्हरसाठी मात्र नेहमी सरळ तुलना.

चढवायच्या फायलींची झिप हवी असेल तर हाताने एकेक कॉपी करू नका:

गिट आर्काइव्ह -ओ बदल.झिप मेन $(गिट डिफ --नेम-ओन्ली --नो-रिनेम्स --डिफ-फिल्टर=डी कारखाना-14 मेन)

या ओळीतला 'डी' लहान लिपीतला. लहान अक्षर म्हणजे 'हे वगळून बाकी सगळं', मोठं अक्षर म्हणजे 'फक्त हेच'. पुसायच्या फायलींची यादी हवी तर तीच आतली कमांड मोठा 'डी' देऊन वेगळी चालवा. झिप फोल्डरांच्या रचनेसकट तयार होते, सर्व्हरवर उलगडली की फायली आपापल्या जागी. फक्त एक बघा: आतली यादी रिकामी निघाली तर 'आर्काइव्ह'ला कुठल्याच फाइलचं नाव मिळत नाही, आणि मग ते अख्खा प्रोजेक्ट बांधून देतं. झिप अपेक्षेपेक्षा फारच जड वाटली तर आधी यादी तपासा. ही ओळ गिट बॅशमधली आहे आणि ती रिपॉझिटरीच्या मुळाशी उभं राहून चालवायची, कारण 'डिफ'ची यादी कुठूनही विचारली तरी मुळापासूनचे पत्ते देते, आणि तुम्ही आतल्या फोल्डरमध्ये असाल तर ते पत्ते जुळत नाहीत.

फाइलच्या नावात जागा असेल तर हीच ओळ कोलमडते, कारण शेल एका नावाचे दोन तुकडे करतो. आणि नाव देवनागरीत असेल तर आणखी वेगळीच तऱ्हा. सोलापुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. इथे मालक घरात तेलुगू बोलतो, कामगारांत कन्नड चालतं, कार्यालयीन कागद मराठीत. त्यामुळे छपाईच्या नमुन्यांना ज्याने त्याने आपल्या लिपीत नावं दिलेली असतात. 'पावती' नावाची फाइल बदलली की गिटच्या यादीत ती अशी उमटते (फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत आहे असं धरू):

"नमुने/\340\244\252\340\244\276\340\244\265\340\244\244\340\245\200.एचटीएमएल"

फाइल बिघडलेली नाही. आस्की नसलेलं प्रत्येक बाइट गिट अष्टमान आकड्यात लिहितं आणि नाव अवतरणात घालतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटांची, म्हणून आकडे तीन-तीनच्या गटात. वरचा पहिला गट 'प', दुसरा काना, मग 'व', 'त' आणि शेवटी दीर्घ वेलांटी. नुसत्या आकड्यांवरून लिपीही ओळखता येते: 340 नंतर 244 किंवा 245 आलं तर देवनागरी, 260 किंवा 261 आलं तर तेलुगू, 262 किंवा 263 आलं तर कन्नड. हे पाठ करायची गरज नाही, पण लॉगमध्ये असलं काही दिसल्यावर ही व्हायरसने बिघडवलेली नावं नाहीत हे समजावं म्हणून सांगितलं.

उपाय एका ओळीचा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

यापुढे नावं जशीच्या तशी दिसतील. स्क्रिप्ट लिहिणार असाल तर त्यापेक्षा '-झेड' द्या. नावं अवतरणाशिवाय, आकड्यांशिवाय येतात आणि दोन नावांमध्ये नवी ओळ न येता शून्य बाइट येतं. पुढे 'एक्सआर्ग्ज -0' (यादीतली नावं दुसऱ्या कमांडला पोचवणारी कमांड) जोडलं की जागा असलेली नावंही सुखरूप पोचतात. वरच्या झिपच्या ओळीचीही याने सुटका होते, फक्त यादी डॉलर-कंसात न देता पाइपने पाठवायची. एक खबरदारी: यादी फारच लांब असेल तर एक्सआर्ग्ज तिचे तुकडे करून 'आर्काइव्ह' पुन्हा चालवेल आणि आधीची झिप पुसली जाईल. शे-दोनशे फायलींना ही वेळ येत नाही.

यादी रिकामी येण्याचं पाहिलं. आता यादी फुगण्याचं. एका ओळीचा बदल केला आणि यादीत अडीचशे फायली, अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, टीममध्ये कुणी विंडोजवर आहे का. विंडोजवरचे बरेच एडिटर ओळीच्या शेवटी दोन चिन्हं ठेवतात, लिनक्सवर एकच. कुणाच्या एडिटरने किंवा कुणाच्या 'कोअर.ऑटोसीआरएलएफ'च्या सेटिंगने ते बदललं की प्रत्येक ओळ, म्हणून प्रत्येक फाइल, गिटच्या हिशेबी बदललेली. नेम-ओन्ली मजकूर उलगडून बघत बसत नाही. दोन्हीकडचे हॅश वेगळे एवढं त्याला पुरतं. अशा वेळी

गिट शो --स्टॅट -डब्ल्यू हॅश

करून बघा. '-डब्ल्यू' मोकळ्या जागेतला फरक सोडून देतं, आणि 'स्टॅट'ला ओळी मोजाव्या लागत असल्याने ज्या फायलींत खरोखर काही बदललंय त्याच उरतात. दुखणं मुळातून काढायचं तर रिपॉझिटरीत '.गिटॲट्रिब्यूट्स' फाइल ठेवा, तिच्यात '* टेक्स्ट=ऑटो' ही ओळ लिहा, आणि 'गिट ॲड --रिनॉर्मलाइझ .' करून एकच वेगळी कमिट करा. त्या एका कमिटची यादी मोठी येईल, येऊ द्या. तिच्यात दुसरा कुठलाही बदल मिसळू नका, एवढं पथ्य पाळा.

फुगण्याचं दुसरं कारण फाइलच्या परवानग्या. पेन ड्राइव्हवरून किंवा विंडोजच्या फोल्डरमधून लिनक्सवर आणलेल्या फायलींना 'चालवता येण्याची' परवानगी आपोआप चिकटते, आणि गिट तेवढीही नोंद घेतं. नेम-स्टेटसमध्ये ते 'एम'च दिसतं, डिफमध्ये मजकुराचा फरक शून्य. 'गिट शो --समरी' केलं की 100644 चं 100755 झालेलं दिसेल. त्रास होत असेल तर 'कोअर.फाइलमोड' फॉल्स करा.

'--स्टॅट' वाचायला सुंदर, पण त्यावरून यादी कापून काढू नका. लांब पत्ते ते टिंबं घालून आखडतं. रुंदी वाढवून देता येते, '--स्टॅट=200', तरी ते डोळ्यांसाठीच. ओळींचे आकडे स्क्रिप्टला हवे असतील तर '--नमस्टॅट': वाढलेल्या ओळी, गेलेल्या ओळी, नाव, चित्रासारख्या फाइलला आकड्यांच्या जागी आडव्या रेघा.

'गिट एलएस-ट्री -आर --नेम-ओन्ली हॅश' हीसुद्धा बऱ्याच ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर म्हणून दिलेली दिसते. ती त्या कमिटच्या वेळी असलेल्या सगळ्या फायली दाखवते, बदललेल्या नव्हे. सर्व्हर नव्याने उभा करायचा असेल तेव्हा उपयोगी. 'गिट व्हॉटचेंज्ड'चा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या, ती कमांड निवृत्तीला काढलीय. 'गिट लॉग --रॉ' तेच काम करतं.

कमिट करण्याआधीच यादी बघायची असेल तर 'गिट डिफ --कॅश्ड --नेम-स्टेटस'. कमिटमध्ये काय जाणार हे आधी वाचायची सवय लावली तर पासवर्डची कॉन्फिग फाइल आत जाणं टळतं. आणि हे सगळं फक्त गिटला माहीत असलेल्या फायलींपुरतं आहे. कारखान्याने अपलोड केलेले फोटो, '.गिटइग्नोर'मध्ये टाकलेलं काहीही, 'कंपोझर'ने (पीएचपीची बाहेरची पॅकेजं आणणाऱ्या साधनाने) आणलेलं व्हेंडर फोल्डर, यातलं काही कुठल्याच यादीत येणार नाही. कंपोझरची लॉकची फाइल यादीत दिसली की व्हेंडर फोल्डरही सर्व्हरवर ताजं करायचं, हे तुम्हालाच लक्षात ठेवावं लागेल.

जुन्या ग्राहकांकडे अजून सबव्हर्जन आहे, म्हणून तेही सांगून टाकतो. तिथे 'एसव्हीएन लॉग -व्ही -आर' आणि आवृत्तीचा क्रमांक दिला की संदेशाखाली बदललेले पत्ते येतात, अक्षरांसकट. मर्क्युरियलवर 'एचजी स्टेटस --चेंज' आणि क्रमांक.

शेवटी तुमच्या प्रश्नाची उलटी बाजू, कारण ती तुम्हाला याच आठवड्यात लागणार आहे. सर्व्हरवर जुनी 'चलन.पीएचपी' सापडली, तर ती रिपॉझिटरीतून कधी आणि कुणाच्या कमिटमध्ये गेली ते असं बघा:

गिट लॉग --नो-रिनेम्स --डिफ-फिल्टर=डी --नेम-स्टेटस -- छपाई/चलन.पीएचपी

इथला 'डी' मोठ्या लिपीतला. फाइलच्या पत्त्याआधीच्या त्या दोन सुट्या रेघा गाळू नका. फाइल आता अस्तित्वातच नसल्याने त्यांच्याशिवाय हा पत्ता आहे की ब्रँचचं नाव, ते गिटला कळत नाही आणि ते भांडत बसतं. जी कमिट मिळेल तिच्यापासून पुढे, सर्व्हरवर शेवटचं काय चढवलं होतं ते आठवून, पहिला टॅग लावा. नेमकं आठवत नसेल तर सर्व्हरवरचं पूर्ण फोल्डर उतरवून घ्या, एका वेगळ्या ब्रँचवर तसंच्या तसं टाकून कमिट करा, आणि त्या ब्रँचची 'मेन'शी तुलना करा. यादी लांब येईल, कदाचित लाजिरवाणी लांब, पण कारखान्याच्या सर्व्हरवर आज काय चाललंय याची खरी यादी तीच असेल.